शेगावच्या गावांमधली केसगळती: आधी पाण्यावर संशय, मग शॅम्पूवर, आणि सापडलं पिठाच्या डब्यात

डिसेंबर 2024 संपता संपता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा अशा गावांमधे लोकांचे केस जायला लागले, आणि हे आपण नेहमी म्हणतो तसं 'हल्ली जरा गळतायत' यातलं नव्हतं. आधी डोकं खाजायचं, मग दोनतीन दिवसांत हात लावला की पुंजकाच हातात, आणि आठवडाभरात काहींचं डोकं पार गुळगुळीत. बाया, शाळेतली पोरं, म्हातारे, कॉलेजला जाणाऱ्या मुली, वयाचा काही संबंधच नाही. जानेवारीत टीव्हीवर ते व्हिडिओ आले, माणूस कॅमेऱ्यासमोर चिमटीत केस धरतो, हलकं ओढतो आणि मुळासकट झुपका बाहेर, चेहऱ्यावर दुखल्याची रेघ पण नाही. तो व्हिडिओ ज्याने त्याने फॉरवर्ड केला, खाली हसण्याचे इमोजी टाकले, आणि कोणीतरी 'टक्कल व्हायरस' असं नाव पण देऊन टाकलं.

पुढे आकडा 18 गावं आणि 279 माणसं असा झाला. गावाबाहेरच्यांना गंमत वाटली असेल पण तिथे काय झालं असेल बघा, पोरींनी कॉलेजला जाणं बंद केलं, काहींनी भीतीपोटी आधीच वस्तरा फिरवून घेतला, आणि लग्नाचं बघायचं चाललंय अशा घरांना तर गावाचं नाव सांगायची चोरी. केस जाण्याने माणूस मरत नाही हे खरं, पण म्हणून तो किरकोळ विषय होत नाही.

मला या प्रकरणात रस आहे तो एवढ्यासाठी की केसगळतीबद्दल आपण जे जे अंदाज ठोकतो ते सगळेच्या सगळे इथे एकामागून एक ठोकले गेले, आणि केस कसे जातायत, किती दिवसांत जातायत, घरात अजून कोणाचे जातायत हे जर नीट धरून बसलं असतं ना तर अर्धे अंदाज तिथल्या तिथे बाद झाले असते.

पहिला संशय पाण्यावर. तो येणारच होता कारण हा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णेकाठच्या गावांमधे बोअरचं पाणी खारट हे काही आजचं नाही, किडनीच्या तक्रारी तिकडे वर्षानुवर्षं चालू आहेत. नमुने तपासले तर नायट्रेट लिटरमागे 54 मिलिग्रॅम आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, 2100 च्या आसपास आला, लगेच बातमी झाली की पाण्यात विष. आता हे आकडे चांगले नाहीत हे मान्य, पण आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा 45 आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर टीडीएस 2000 पर्यंत चालवून घेतात, म्हणजे हे पाणी मर्यादेच्या थोडंसं वर होतं, आभाळाएवढं नाही. नायट्रेटचा त्रास होतो तो मुख्यतः तान्ह्या बाळांना, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. त्याने डोक्यावरचे केस जातात असं कुठे दिसलेलं नाही. आणि सगळ्यात साधा प्रश्न, हेच पाणी आजोबा प्यायले, बाप प्यायला, मग केस याच डिसेंबरात का गेले?

मग शॅम्पू. एका रुपयाच्या पुडीवर खापर फोडणं सोपं असतं. पण ज्यांनी आयुष्यात शॅम्पू लावला नाही, साबणानेच डोकं धुतात, अशांचे पण गेलेच की.

मग बुरशी, म्हणजे डोक्यातला नायटा. डॉक्टरांनी चामडीचे तुकडे तपासायला पाठवले ते बरोबरच केलं, खाज होती, एका घरातून दुसऱ्या घरात जातंय असं वाटत होतं, शंका यायला जागा होती. पण डोक्यातला नायटा हा जास्त करून लहान मुलांचा आजार, त्यात एक चकंदळ पडतं, त्यावर कोंड्यासारखे पापुद्रे असतात, केस मुळाजवळ तुटून काळे ठिपके दिसतात, आणि हे सगळं काही आठवडे घेत सावकाश वाढतं. आठवडाभरात सत्तर वर्षांच्या आजीचं आणि दहा वर्षांच्या नातवाचं सगळं डोकं एकदम साफ, असं नायटा करत नाही.

इथे जरा थांबून केसाचं गणित सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात, त्यातले 85 ते 90 टक्के कुठल्याही क्षणी वाढत असतात, ही वाढ दोन ते सहा वर्षं चालते, मग दोनतीन आठवड्यांची आवराआवर, मग तीनेक महिने तो केस नुसता मुळात अडकून बसलेला असतो आणि शेवटी पडतो. रोज पन्नास ते शंभर केस पडणं हे या चक्रामुळेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

टायफॉइड, डेंग्यू, कोविड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा महिनाभर जेवण अर्धं करून केलेलं डाएट, असा धक्का बसला की पुष्कळसे वाढते केस एकदम त्या बसून राहायच्या अवस्थेत जातात आणि मग ते पडतात दोनतीन महिन्यांनी. म्हणून बाई तेल बदलते, शॅम्पू बदलते, आणि खरं कारण मागे गणपतीत झालेला ताप असतो. हे केस पडतात ते अख्ख्या डोक्यावरून थोडे थोडे, विरळ होतात पण टक्कल पडत नाही, आणि पडलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा गाठीसारखा ठिपका दिसतो.

याच्या उलट म्हणजे केस ऐन वाढीत असतानाच मुळाशी मार बसणं. केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी, म्हणून कॅन्सरच्या केमोत दोनतीन आठवड्यांतच केस जातात. वाढते केसच 85-90 टक्के, त्यामुळे जातात तेव्हा जवळजवळ सगळे जातात. विषबाधेतही हेच होतं, थॅलियम, आर्सेनिक, आणि सेलेनियम, जे शरीराला अगदी किंचित लागतं पण जास्त झालं की विष. शेगावचं चित्र यात बसत होतं. वेग बघा, सगळं डोकं बघा, घरातली सगळी माणसं बघा. हे काहीतरी पोटात गेलेलं आहे आणि ते सगळ्यांच्या ताटात आहे, एवढं तरी कुठलीही मशीन न लावता म्हणता येत होतं.

नेहमीचं पुरुषी टक्कल तर यात बसायचा प्रश्नच नाही, कपाळाचे कोपरे मागे सरकणं, टाळूवर विरळ होणं याला वर्षं लागतात, ते वडिलांकडून येतं तसंच आईकडूनही येतं. आणि चाई, म्हणजे रुपयाएवढा गुळगुळीत गोल पॅच, न खाज न पापुद्रा, त्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती केसाच्या मुळांवर उलटते. चाई एका घरात एखाद्याला होते, एका महिन्यात अठरा गावांना होत नाही.

डोकं खाजणं आणि केस जाणं यातच सगळे अडकले होते, पण या लोकांना अजूनही काही होत होतं, डोकेदुखी, अंगात कणकण, मुंग्या, काहींना उलट्या-जुलाब. ही यादी केसांच्या डॉक्टरपुढे सांगायची कोणाला गरज वाटत नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा धागा तोच होता.

आता येतात डॉ. हिंमतराव बावस्कर. महाडचे, विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातल्या कितीतरी लोकांचे जीव वाचवणारे ते, 2022 ला पद्मश्री. आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, पथक आलं होतं, रक्त, पाणी, माती असे नमुने नेले होते, पण बावस्करांनी थेट घरातल्या धान्यात हात घातला. रेशनच्या दुकानातून मिळालेला गहू त्यांनी ठाण्याच्या एका लॅबमधे तपासून घेतला, आणि किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम सापडलं. त्यांच्या मते चालण्यासारखी मर्यादा किलोला 1.9 मिलिग्रॅम, आणि तिथल्याच मातीत पिकलेल्या गव्हापेक्षा हे जवळजवळ 600 पट. लोकांच्या रक्तात सेलेनियम 35 पट, लघवीत 60 पट, केसात 150 पट, आणि झिंक मात्र कमी पडलेलं. त्यांनी हे फेब्रुवारी 2025 मधे जाहीर केलं, आणि हा गहू पंजाबातून आलेला असं त्यांचं म्हणणं.

मला सगळ्यात बोलका वाटला तो दुसराच आकडा. तोच गहू स्वच्छ धुऊन परत तपासला तर 13.61. म्हणजे वरची धूळ, फवारा, गोदामातली पावडर असलं काही असतं तर धुऊन निम्मं तरी गेलं असतं, इथे जवळजवळ सगळं तसंच राहिलं, कारण ते दाण्याच्या आतच होतं. सेलेनियम आणि गंधक हे रसायनशास्त्रात सख्खे भाऊ, जमिनीत सेलेनियम जास्त असलं की झाड फसतं, गंधक समजून तेच उचलतं आणि प्रथिनात घालून टाकतं. आणि मग हाच घोळ आपल्या अंगात परत होतो. केस आणि नखं म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, केराटिनची ताकद सगळी गंधकाच्या जोडण्यांत, आणि तिथे गंधकाच्या जागी सेलेनियम येऊन बसलं की जोडणी कच्ची राहते. म्हणून केस आणि नखं यांच्यावरच आधी संक्रांत येते.

पंजाबचं नाव का घेतलं गेलं तर होशियारपूर आणि नवांशहर भागात, शिवालिकच्या पायथ्याशी, काही गावांच्या जमिनीत सेलेनियम जास्त आहे हे शास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे, तिथल्या गुरांचे केस झडणं, खूर खराब होणं याच्या नोंदी आहेत. सगळ्या पंजाबचा गहू असा नाही हो, पट्टा छोटा आहे. पण रेशनचा गहू एका ठिकाणी खरेदी होतो, हजार किलोमीटर लांब जातो आणि एकाच तालुक्यातल्या दुकानांत उतरतो, म्हणजे एखादा वाईट लॉट जर आला तर तो सगळा एकाच भागातल्या लोकांच्या वाट्याला. गव्हाची गोष्ट अजून एक, या भागात पूर्वी ज्वारीची भाकरी हेच जेवण, घरच्या नाहीतर शेजारच्या शेतातली ज्वारी. आता रेशनवर गहू-तांदूळ मिळतो म्हणून पोळी, आणि ज्यांना बाजारातून दुसरा गहू घेणं परवडत नाही ते रोज तोच एक गहू खाणार. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या घरात चार ठिकाणचं धान्य मिसळतं, त्यामुळे विष असलं तरी पातळ होतं.

थोडा हिशोब करून बघू. किलोला 14.52 मिलिग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम पिठात 1,452 मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला सेलेनियम लागतं 55 मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि 400 च्या वर रोज जाऊ नये असं धरतात. म्हणजे या पिठाच्या चार पोळ्या खाल्ल्या तरी तिप्पटीच्या वर गेलात, आणि शेतात राबणारा माणूस दिवसाला तीनशे ग्रॅम पीठ सहज खातो, ते होतात 4,356.

हा आकडा कुठे भेटतो माहितीये? चीनमधे हुबेई प्रांतात एन्शी म्हणून भाग आहे, तिथे 1961 ते 1964 मधे अशीच साथ आली होती, लोकांचे केस आणि नखं जात होती. सगळ्यात जास्त फटका बसलेल्या पाच गावांत माणसं होती 248, त्यातली जवळजवळ निम्मी आजारी. दुष्काळात भात गेला, लोक मका आणि भाजीपाल्यावर आले, आणि ते ज्या मातीत पिकत होतं तिच्यात दगडी कोळशातून झिरपलेलं सेलेनियम. तिथे माणशी रोजचं सेलेनियम निघालं सरासरी 4.99 मिलिग्रॅम, 3.2 पासून 6.69 पर्यंत. आपले 4,356 मायक्रोग्रॅम म्हणजे 4.36 मिलिग्रॅम, बरोब्बर त्याच्या मधे. बावस्करांच्या गव्हाच्या आकड्यावर माझा विश्वास बसला तो हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर.

आता हे वाचून पुण्यात, ठाण्यात बसलेला माणूस म्हणेल आपण कुठे तो गहू खातो. बरोबर. पण तुम्ही हेअर गमीज खाता ना, केसांच्या गोळ्या खाता ना? त्यात बायोटिन या जीवनसत्त्वाबरोबर बऱ्याचदा सेलेनियम आणि झिंक असतं, वर मल्टीव्हिटॅमिन वेगळं, त्यात परत सेलेनियम, आणि जिममधल्या पोराने सुचवलेली पावडर वेगळी. अमेरिकेत 2008 मधे एका पातळ सप्लिमेंटमधे बनवताना चूक झाली आणि लेबलवर होतं त्याच्या 200 पट सेलेनियम गेलं, 201 लोक आजारी पडले, जुलाब, थकवा, सांधेदुखी, आणि त्यातल्या दहापैकी साताचे केस गेले. केस चांगले व्हावेत म्हणून लोक जे घटक विकत घेतात त्यातल्याच एकाने. ज्याची कमतरता रक्तात दिसली नाही ते केसांसाठी म्हणून गिळू नका, एवढंच मी म्हणेन. बायोटिनचं तर अजून एक लफडं आहे, जास्त डोस चालू असताना थायरॉइडची टेस्ट केली की रिपोर्ट चुकू शकतो, म्हणजे केसगळतीचं खरं कारण थायरॉइड असेल तर तेच झाकलं जाणार. रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा की गोळी चालू आहे. (कोंड्याच्या शॅम्पूत सेलेनियम सल्फाइड असतं ते वेगळं, धड असलेल्या कातडीतून ते फारसं आत जात नाही, त्याला घाबरून बाटली फेकू नका.)

स्वतःचे केस जात असतील तर शेगाववरून घेण्यासारखं काय तर आधी कॅलेंडर काढा. आठवड्यात गेले, तीन महिन्यांपूर्वी काही झालं होतं, की पाच वर्षांपासून हळूहळू? मग आरशात जागा बघा, सगळीकडे विरळ, टाळूवर, भांग रुंद होतोय, की एक गोल चकंदळ? घट्ट वेणी, घट्ट अंबाडा घालणाऱ्या बायकांच्या कानाच्या वर आणि कपाळाच्या कडेने केस जातात ते नुसत्या ओढण्याने, तिथे तेल काही करत नाही, वेणी सैल करायची. मग पडलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून मूळ बघा, पांढरी गाठ आहे की मधूनच तुटलाय. डॉक्टर एक सोपी गोष्ट करतात, पन्नाससाठ केसांची बट बोटात धरून मुळापासून टोकापर्यंत हलक्या हाताने ओढतात, पाचसहाच्या वर हातात आले तर गळती चालू आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड एवढ्या तपासण्यांत बायकांची पुष्कळ कारणं सापडतात. चाईला कांद्याचा रस लावून सहा महिने काढण्यापेक्षा कातडीच्या डॉक्टरकडे जावं, छोटी चाई बऱ्याचदा वर्षभरात आपोआप भरते आणि श्रेय रसाला जातं ते सोडा, पण वाढत चालली असेल तर इंजेक्शनं आणि औषधं आहेत. पुरुषी टक्कलाला मिनोक्सिडिल लावतात, पण सुरुवातीला गळती वाढल्यासारखी दिसते आणि फरक कळायला चारसहा महिने जातात, लोक दुसऱ्या महिन्यात सोडून देतात.

आणि घरात तुमच्याबरोबर अजून कोणाचे जात असतील तर तेलाच्या बाटलीकडे नाही, धान्याच्या कोठीकडे बघायचं.

गावांमधे पुढे काय झालं तर पुढच्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना बारीक बारीक केस फुटायला लागले, मूळ मेलेलं नसतं त्यामुळे विष थांबलं की परत येतात. लोक जरा सावरले तर एप्रिलमधे त्याच भागातल्या काहींची नखं खराब व्हायला लागली, नखांवर आडव्या रेघा, ठिसूळ होऊन निघून येणं. टीव्हीवाले परत धावले, आता नवीन आजार म्हणून. नवीन कसला, हाताचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, डिसेंबर-जानेवारीत मुळाशी जे बिघडलं ते वर सरकून दिसायला एप्रिल उजाडणारच होता. अमेरिकेतल्या त्या 201 जणांतही नखांचा त्रास केसांपेक्षा जास्त दिवस टिकला होता.

रेशनचा गहू खरेदी होताना त्यात ओलावा किती, कचरा किती, किडका-तुटका-सुरकुतलेला दाणा किती हे बघतात. सेलेनियमचा गहू या सगळ्यात पास होतो, दाणा टपोरा असतो, वास नाही, चव तीच, पोळी पण फुगते. ज्या पट्ट्यांची माती जास्त सेलेनियमची आहे हे आधीच माहीत आहे निदान तिथल्या लॉटमधले नमुने लॅबला जावेत, आणि तालुक्याला कुठली गोणी कुठल्या मंडीतून आली याची नोंद दुकानापर्यंत असावी, म्हणजे उद्या परत कुठे असं झालं तर पहिला महिना पाण्याच्या बाटल्या भरण्यात जाणार नाही.